हातवाऱ्यांची इंग्रजी

धक्क्यावर नवा आलेला माणूस त्याला ‘हातवारेसाहेब’ म्हणायचा आणि जुनी माणसं गालातल्या गालात हसायची. नव्याला वाटायचं, आडनाव असेल. असतात की अशी आडनावं. मग चार दिवस गेले, त्यानं नीट डोळे उघडून पाहिलं, की ध्यानात यायचं: हे आडनाव नव्हे, हा धंदा आहे.

मोठ्या क्रेनच्या पायाशी पिवळ्या रंगानं आखलेला एक चौकोन होता. जहाजातला माल उतरत असताना त्या चौकोनात उभं राहायचं आणि वर काचेच्या खोलीत बसलेल्या चालकाला हातांनी सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण धक्क्यावर वारा असतो, इंजिनं घरघरत असतात, साखळ्या वाजत असतात. तिथं माणसाचा शब्द तोंडातून निघाला की पायाशीच पडतो. हात मात्र लांब जातो. तर्जनी वर करून गोल फिरवली की माल वर. खाली करून फिरवली की माल खाली. एक हात दुसऱ्यापुढं आडवा धरला की काम तेच, पण हळू. आणि एका हातानं दुसरा हात पोटापाशी घट्ट धरला, की सगळं जिथल्या तिथं थांबवायचं. या खुणेवर कुणाचा हुकूम चालत नाही. मुकादम ओरडो, साहेब थयथयाट करो, ते हात सुटेपर्यंत वरच्यानं बोटभर हलायचं नाही. बाकीच्या खुणा चुकल्या तर माल बिघडतो. ही चुकली तर माणूस जातो.

अशी वर्षं गेली आणि त्याचे हात त्याचे राहिले नाहीत. दाव्यातून सुटलेल्या वासरासारखे ते आपल्या मनानं उंडारायचे. ताटावर बसला की तर्जनी खाली फिरवून तो बायकोला ‘वाढ’ म्हणायचा.

“अहो, ताट आहे हे,” ती म्हणायची. “जहाज नाही. तोंड दिलंय ना देवानं?”

वर काचेच्या खोलीत बसायचा तो त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे घार म्हणत. उंचावर बसायचा, नाक बाकदार, आणि खालची मुंगीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटायची नाही. हातवारे एके काळी पाठीवर पोती वाहत होता. घारीनंच मुकादमाकडे शब्द टाकला आणि त्याची पाठ ओझ्यातून सोडवून त्याला चौकोनात उभं केलं. “दोन साडू, एक वर एक खाली, आणि मध्ये लोंबकळतंय सासऱ्याचं नशीब,” असं हमाल म्हणायचे.

पुस्तकातल्या खुणा दोघांना पुऱ्या पडेनात, म्हणून त्यांनी आपल्या वेगळ्या पिकवल्या होत्या. खांद्यावर दोन बोटं टेकली की साहेब येतोय. अंगठा ओठाशी नेला की चहा. आणि बोटांची चोच करून ती फडफडा उघडमीट केली, की घरी थोरलीची बडबड सुरू आहे, आज डोकं उठलंय. घार ही खूण वरच्या काचेतून करायचा आणि हातवारे खाली चौकोनात एकटाच हसायचा. जवळून जाणाऱ्याला वाटायचं, याला उन्हानं काहीतरी झालं.

मग एके दिवशी फाटकाजवळच्या भिंतीवर कागद लागला. पुढच्या हंगामापासून क्रेनचं काम रेडिओवर चालणार, आणि रेडिओवर इंग्रजीत. जहाजं नाना देशांची, त्यांवरचे लोक नाना भाषांचे. सगळ्यांना एकच बोली समजली पाहिजे. वरच्याला आणि खालच्याला, दोघांनाही परीक्षा. तोवर पाळी सुटली की कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग. जो नापास होईल तो गोदामात.

गोदाम काही वाईट जागा नव्हे. सावली असते, पंखा असतो. पण ज्यानं उघड्या आभाळाखाली लोखंडाचे डोंगर बोटावर नाचवले, त्याला छपराखाली खोकी मोजायला बसवणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपणं. हातवाऱ्याला त्याची भीती होतीच. पण तिच्याहून मोठी एक गोष्ट त्याच्या पोटात होती आणि ती त्याला एका जागी बसू देत नव्हती.

घारीला ऐकू येत नव्हतं.

एकदा दोघं जेट्टीच्या पायरीवर चहा पीत बसले असताना मागं लोखंडाची एक भली मोठी पट्टी फरशीवर आदळली होती. पत्र्यावरचे कावळे उडाले, हमालांनी शिव्या घातल्या. घार चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिला. मग त्यानं मान वळवली, हातवाऱ्याचा चेहरा पाहिला, आणि तो वाचला. कानाला बोट लावून त्यानं तळहात आडवा फिरवला: संपलं. मग तेच बोट ओठांवर ठेवलं. बस्स, एवढंच बोलणं झालं.

थोरली येता-जाता म्हणायची, “ह्यांना हल्ली काही ऐकूच येत नाही.” पण हे तर प्रत्येकीच नवऱ्याबद्दल म्हणते, त्यामुळे खरं बोलूनही तिचं बोलणं कुणाच्या कानात शिरलं नाही.

हातांवर काम चाललं होतं तोवर काही बिघडत नव्हतं. घारीचे कान डोळ्यांत होते आणि डोळे धडधाकट होते. पण आता रेडिओ येणार. डोंगराएवढा माल, त्याच्याखाली वावरणारी माणसं, आणि वर रेडिओ न ऐकणारा चालक! साडूला परीक्षेतून निभावून न्यावं, तर उद्या कुणाचा तरी संसार मालाखाली जाणार. न न्यावं, तर ज्यानं आपल्याला पोत्यांखालून बाहेर काढलं, त्यालाच आपण वरून खाली ओढणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि हातवारे दोन्हींच्या मधल्या बांधावर येरझारा घालत होता. कामावर, घरी, रस्त्यानं. बसला की उठायचा, उठला की का उठलो ते आठवायचं नाही.

वर्ग सुरू झाला. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली, बाकड्यांवर मोठाली माणसं गुडघे जवळ घेऊन बसली. शिकवायला एक बाई येत. आवाज बारीक, पण चिकाटी गोचिडीची. एक वाक्य दहा जणांकडून दहादा वदवून घेतल्याशिवाय त्या पुढं सरकत नसत. त्यांना एक सवय होती: प्रश्न विचारला, की उत्तराची वाट पाहताना त्या एका हातानं दुसरा हात पोटापाशी घट्ट धरायच्या.

“सांगा, व्हेअर इज द बॉक्स?” बाईंनी पहिल्याच दिवशी खोकं टेबलावर ठेवून विचारलं.

“द बॉक्स इज...” हातवारे म्हणाला. बाईंनी हात धरले. तो थांबला.

“बोला, बोला. द बॉक्स इज?”

तो गप्प. शेजारचा गप्प. त्याच्या शेजारचा तोंड उघडं ठेवूनच गप्प. क्रेनची अख्खी रांग दगड झाली. बाई एकेकाकडे पाहत राहिल्या, आणि जितकी वाट पाहतील तितके हात घट्ट.

“अहो, येत नसेल तर येत नाही म्हणा! चूक बोला, पण बोला की.”

“बाई,” हातवारे हळूच म्हणाला, “हात सोडा.”

“काय?”

“तुम्ही हात सोडा, म्हणजे आम्ही बोलतो.”

बाईंनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग रांगेकडे, आणि हात सोडले. लगेच सगळी रांग एका दमात ओरडली, “द बॉक्स इज ऑन द टेबल!” कँटीनच्या भांड्यांना कंप सुटला. मग मुकादमानं त्या खुणेचा अर्थ सांगितला आणि बाई खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पुढं वर्गात फार गलका झाला की त्या नुसते हात धरायच्या. मासळीबाजारासारखा वर्ग एका क्षणात शांत व्हायचा. अशी सोय कुठल्या शाळेत नसेल.

घार शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रत्येक प्रश्नाला हसून मान हलवायचा. कँटीनमध्ये एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर एक संध्याकाळ गेली. इज द चेअर ब्रोकन? येस, इट इज. मग धड खुर्ची पुढं यायची. इज द चेअर ब्रोकन? नो, इट इज नॉट. ज्याची पाळी येईल त्यानं खुर्ची पाहायची आणि दोहोंतलं एक सांगायचं. घारीनं पहिल्या माणसाच्या ओठांवरून ‘येस, इट इज’ उचललं आणि तेच जन्माचं धरलं. धड खुर्चीलाही येस, इट इज. बाईंनी गमतीनं विचारलं, “आर यू अ बर्ड?” तरी येस, इट इज. वर्ग हसून लोळला.

“घारच आहे तो, बाई! खरंच बोलला!”

घारही सगळ्यांबरोबर हसला. फक्त हातवारे हसला नाही. त्याला वाटलं, उठावं आणि बाहेर जावं. पण बाहेर जाऊन काय करायचं तेही ठरत नव्हतं, म्हणून तो बाकड्याखाली पाय हलवत बसला.

त्यानंतर तो साडूशेजारी बसायला लागला. बाई जोड्या लावायच्या, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. हातवारे विचारताना हात चालवायचा: हेवी म्हणताना खांदे पाडायचा, लाइट म्हणताना तळवा उचलायचा, लेफ्ट, राइट, अप, डाउन, निअर, फार. घार त्याचे हात वाचून ठोकून उत्तर द्यायचा. घारीचं पाठांतर चांगलं होतं; लिहिलेलं तो घडाघडा वाचायचा. बाई खूश झाल्या. मग एके दिवशी त्यांनी पाहिलं.

“हातवारे, तुम्ही ह्यांना उत्तरं दाखवताय.”

“नाही बाई, हे आपले उगीच हलतात.”

“मग मांडीखाली घ्या. बसा हातांवर. हं, आता विचारा.”

हात मांडीखाली गेले आणि त्याचे सगळे शब्द भुर्रकन उडाले. जिभेवर एक उरला नाही. पलीकडे घार त्याच्या खांद्यांकडे पाहत होता, बांधाआडून कोण येतंय ते पाहावं तसा. दोघंही मुके.

“रेडिओवर हात दिसत नाहीत हो,” बाई रागावल्या नव्हत्या, समजावत होत्या. “तिथं फक्त शब्द जातो.”

“म्हणून तर,” हातवारे म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळलं.

घरी बायकोनं यावर औषध काढलं. त्याच्यापुढं लसणाचा ढीग ओतला. “हात गुंतवा ह्यात आणि तोंड मोकळं सोडा. मी मराठीत सांगते, तुम्ही इंग्रजीत सांगा. वर.”

“अप.”

“उलट?”

“डाउन.”

“जड.”

“हेवी. उलट लाइट.”

“खरं.”

तो थांबला. लसणाची पाकळी हातातून निसटून चुलीखाली गेली.

“ट्रू,” तो म्हणाला.

“उलट?”

“फॉल्स. झालं का तुझं?” तो उठला, दारापर्यंत गेला, खिडकीपर्यंत आला, पुन्हा दारापर्यंत गेला.

“लसूण घ्या हातात,” बायको म्हणाली. “तुम्हाला शब्द अडत नाहीयेत, दुसरंच काहीतरी अडतंय. मी विचारणार नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.”

लसूण सोलता सोलता वाक्यं बसत गेली. लोअर स्लोली. होल्ड द लोड. आय कॅन सी द हुक. हात कामात असले की जीभ सुटायची. त्या घरात महिनोन्‌महिने लसूण कमी पडला नाही. शेजारणीसुद्धा वाटीभर मागून न्यायच्या.

परीक्षा जवळ आली तेव्हा घारीनं त्याला क्रेनच्या पायाशी गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो तोंडानं बोलला. बहिऱ्या माणसाचा आवाज स्वतःला सापडत नाही. कधी फार मोठा, कधी फार लहान. त्या वेळी तो फार लहान होता.

“अरे, माझं एक ऐक. त्या दिवशी ते तुला हात हलवू देणार नाहीत. तू हनुवटीनं सांग. वर केलीस की उचलीन, खाली केलीस की सोडीन. खांदा डावा, खांदा उजवा. आणि सरळ समोर बघितलंस की थांबेन. तोंडानं तू तुझी इंग्रजी झाडत राहा. कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“दादा, आणि परीक्षेनंतर? रोजचं काम?”

घारीनं ओठ वाचले. “रोज तूच आहेस ना खाली?”

“मी एखादा दिवस आजारी पडलो तर? धुकं आलं तर? दुसरा कुणी...”

“मी वर चढलो तेव्हा खोली लाकडाची होती,” घार म्हणाला. तो उत्तर देत नव्हता. कदाचित शेवटचं त्यानं वाचलंच नव्हतं. “मला खाली काही करता येत नाही रे. वर बसलो की सगळं माझ्या हातात असतं. खाली आलो की बाजारात माणसं मागून येऊन धडकतात आणि मलाच आंधळा म्हणतात.”

हातवाऱ्यानं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याच्या हनुवटीनं मात्र आपोआप खाली झुकून होकार दिला, आणि घार त्याच्या खांद्यावर थाप मारून शिडी चढून गेला.

परीक्षेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा मात्र अंगात आल्यासारखा घुमत होता. मुख्य कचेरीतून परीक्षक आले होते; उंच, शांत, मराठीचा गंध नसलेले. बाई बाजूला उभ्या होत्या, पोरगं बोहल्यावर चढवणाऱ्या आईसारख्या. क्रेनच्या आकड्याला लोखंडी नळ्यांची मोळी लटकवली होती. ती जहाजाच्या बाजूनं आणून धक्क्यावरच्या लाकडी ओंडक्यांवर ठेवायची. ओंडक्यांपाशी आकडेवाला उभा होता. मोळी खाली आली की तिच्या टोकाची दोरी, म्हणजे शेपूट, धरून ती सरळ करायची आणि आकडा सोडवायचा, हे त्याचं काम. तो रोजच्यासारखा कंटाळलेला होता. त्याला काय माहीत?

परीक्षकांनी हातवाऱ्याच्या तोंडापाशी रेडिओ अडकवला, त्याची जुनी टोपी काढून नवं पांढरं शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि दोन्ही हात पाठीमागं घ्यायची खूण केली.

“रेडी?”

“रेडी, सर.”

हात पाठीमागं गेले. पण लसणाचे दिवस कामी आले. शब्द जाग्यावर होते. “लिफ्ट द लोड,” तो म्हणाला आणि हनुवटी वर केली. मोळी उठली. “मूव्ह लेफ्ट.” खांदा. मोळी डावीकडे आली. बाईंचा चेहरा फुलला. “लोअर स्लोली.” हनुवटी खाली. मोळी उतरू लागली.

तेवढ्यात वाऱ्यानं तिला धरलं. लांब नळ्या पाटावरच्या पाण्यासारख्या एका अंगाला कलल्या आणि वळू लागल्या. आकडेवाला शेपटाची दोरी पकडायला पुढं झाला, थेट तिच्याखाली.

“स्टॉप!” हातवारे ओरडला आणि हनुवटी सरळ केली.

मोळी येतच राहिली.

“स्टॉप! स्टॉप!”

आणि मग त्याला उमगलं. नव्या शिरस्त्राणाला पुढं रुंद कड होती. मान खाली घातली तेव्हा घारीला कड दिसली, वर केली तेव्हाही कडच हलली असेल. पण सरळ केलेली हनुवटी त्या कडेखाली दिसायची कशी? वर बसलेला माणूस खालच्या पांढऱ्या टिकलीकडे पाहून अंदाज बांधत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घार अंदाजानं काम करत होता.

त्याचे हात पाठीमागून सुटले. ते त्याला विचारून सुटले नाहीत. एका हातानं दुसरा धरला आणि पोटापाशी घट्ट आवळला.

मोळी जिथल्या तिथं थांबली. आकडेवाल्याच्या डोक्यापासून ती इतकी जवळ होती, की त्यानं वर पाहिलं, आणि मग बाजूला सरकून तो खाली बसला.

परीक्षकांनी आधी मोळीकडे पाहिलं, मग हातवाऱ्याच्या हातांकडे, मग रेडिओकडे. त्यांनी स्वतःच रेडिओ घेतला आणि म्हणाले, “लोअर.” मोळी हलली नाही. “राइट.” हलली नाही. खाली ते हात घट्ट होते. वरचा हलणार कसा? वाऱ्यावर नळ्या एकमेकींना घासून किणकिणत होत्या, बाकी सगळं थांबलं होतं.

परीक्षकांनी रेडिओ हातात उलटसुलट केला आणि अगदी सरळपणे विचारलं, “इज द रेडिओ ब्रोकन?”

हातवाऱ्याला त्या प्रश्नाचं मराठी करावं लागलं नाही. तो आरपार कळला. त्याच्या पुढं मोडकी खुर्ची आली आणि धड खुर्ची आली. दोन उत्तरं, दोन्ही पाठ. येस, इट इज, एवढं म्हटलं की झालं. दुसरा रेडिओ येईल, दुसरा दिवस मिळेल, जुनी टोपी घालून येता येईल. साडू वर, आपण खाली, सगळं पहिल्यासारखं. परीक्षकांनी दार आपणहून उघडून धरलं होतं. बाईसुद्धा मान हलवत होत्या: म्हणा, येतंय तुम्हाला, म्हणा.

आकडेवाला अजून बसलेलाच होता.

“नो,” हातवारे म्हणाला. “इट इज नॉट.”

मग त्यानं शब्द गोळा केले. हात बांधलेले होते, लसूण नव्हता, धड्यात असलं वाक्य कुठं नव्हतं. ते त्याचं त्यालाच जुळवावं लागलं, अंधारात दावं सोडवावं तसं.

“सर, ही कॅन नॉट हिअर. ही कॅन सी. ही इज... गुड. बट ही कॅन नॉट हिअर.”

परीक्षकांनी वर पाहिलं. मग हातवाऱ्याच्या हातांकडे बोट दाखवून तेच हात चालवायची खूण केली. हातवाऱ्यानं हात सोडले, एक हात दुसऱ्यापुढं आडवा धरला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं घारीनं ती मोळी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी ओंडक्यांवर ठेवली. कसलाही आवाज झाला नाही.

घार शिडी उतरून आला तेव्हा त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. खाली जमलेल्या माणसांचे ओठ आणि चेहरे त्यानं वरूनच वाचले असतील. हातवारे पुढं झाला. “दादा,” म्हणाला, हातांनी आणखी काही सांगू लागला. घारीनं त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. मान वळवून तो चालू लागला. ज्याचे कान डोळ्यांत, त्यानं डोळे फिरवले, की बोलायला दुसरं दारच उरत नाही. हात तसेच हवेत राहिले.

हातवारे पास झाला. घारीला कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं, कानामागं एक यंत्र बसलं, आणि क्रेनची चाकं, दोर, कप्प्या यांना वंगण घालायचं काम मिळालं. म्हणजे गोदाम टळलं, पण खोली गेली. वर दुसरी चालक आली, बडबडी, हसरी, रेडिओवर बोलणारी. काम चांगलं चाललं होतं.

चांगलं चाललं होतं आणि हातवारे आतून पोखरला जात होता. रोज सकाळी घार डबा आणि कुंचा घेऊन क्रेनच्या पायाशी यायचा, पिवळ्या चौकोनापासून दहा पावलांवर बसायचा, आणि त्या दहा पावलांत एकदाही मान वर करायचा नाही. थोरली धाकटीकडे यायची थांबली. घरी लसूण सोलायचा बंद झाला तरी तो संध्याकाळी दार ते खिडकी फेऱ्या घालायचाच.

“मी चुकलो का?” त्यानं बायकोला विचारलं.

“चुकला असतात तर माझ्याकडे विचारायला आला नसतात,” ती म्हणाली. “आणि बरोबर असलं म्हणून दुखत नाही थोडंच? बसा आता. फरशी झिजली.”

वर्ग संपला होता, तरी बाई एकदा धक्क्यावर आल्या. चौकोनाबाहेर थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमचं ते वाक्य मी कुणाला शिकवलं नव्हतं.” तो म्हणाला, “मलाही नको होतं, बाई.” जाताना सवयीनं त्यांनी हात पोटापाशी धरले, आणि चटकन सोडले.

हंगाम अर्धा सरला. एक दिवस जहाजातून यंत्राचा मोठा भाग उतरवायचा होता. हातवारे रेडिओत बोलत होता, “लोअर स्लोली, लोअर, लोअर,” आणि त्याचा डावा हात, कुणी न पाहणारा, न मागितलेला, आपल्या मनानं आडवा धरलेला होता. ती सवय गेली नव्हती. वरच्या चालकबाईला त्याची गरज नव्हती, तिला शब्द पुरत होते. पण कुणीतरी तो हात पाहतंय असं त्याला वाटलं, पाठीवर ऊन पडल्यासारखं.

त्यानं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. घार कुंचा खाली ठेवून बसला होता. त्याची नजर आधी हातावर होती, मग हळूहळू चढत हातवाऱ्याच्या तोंडावर आली. किती तरी वेळ तो नुसता पाहत राहिला. मग वंगणानं काळी झालेली बोटं त्यानं उचलली, कानामागच्या यंत्राला टेकवली, आणि त्यांची चोच करून ती फडफडा उघडमीट करू लागला. फडफड, फडफड, थांबायचं नावच नाही. दुसऱ्या हातानं कपाळावर मारून घेतलं. थोरली! दिवसभर! आणि आता सगळं ऐकू येतंय!

हातवाऱ्याच्या पोटातून हसू आलं, ते रेडिओतून थेट वर गेलं.

“रिपीट, प्लीज?” वरून चालकबाईनं विचारलं.

त्याला लगेच बोलता येईना. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, आणि अशा वेळी माल हलवायचा नसतो. त्यानं “होल्ड द लोड,” म्हटलं, आणि दोन्ही हात पोटापाशी घट्ट धरून तो उभा राहिला, नीट दिसायला लागेपर्यंत.

पलीकडे घारही कुंच्याला हात न लावता तसाच थांबला.